माशांवर दूध प्यायल्याने कोड येतो का?

प्रश्न : आम्ही मरोळ-मरोशी रोडला राहतो, मूळचे मालवणकडचे. माझी मुलगी सहावीत आहे. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही गुडघ्यांवर पांढरे डाग दिसू लागले. आता डाव्या पापणीजवळ एक आला आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कोड आहे असे सांगून त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले, पण घरात वेगळेच सुरू झाले. सासूबाई म्हणतात, माशांवर दूध पाजलेस म्हणून हे झाले. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून आणलेले बोंबील, जवळा, सोडे त्यांनी वाटून टाकले. मुलीला मासे बंद, दही बंद, लिंबू-चिंच बंद. शेजारच्या काकू बावचीचे तेल लावून उन्हात बसवायला सांगतात. मला खरे काय ते समजून घ्यायचे आहे. माशांवर दूध प्यायल्याने कोड येतो का? शरीर स्वतःचाच रंग का घालवते? हा बरा होतो का? आणि पुढे तिच्या लग्नाचे काय, हा विचार मनातून जात नाही.
– एक आई, मरोळ

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. माशांवर दूध प्यायल्याने कोड येत नाही. दही, लिंबू, चिंच यांनीही येत नाही आणि ते बंद केल्याने जातही नाही. तुमच्या हातून मुलीला काही चुकीचे खाऊ घातले गेलेले नाही. एवढे वाक्य सासूबाईंनाही वाचून दाखवा. त्यांनाही नातीची काळजीच आहे, फक्त ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते आहे.

या समजुतीचे मूळ जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दूध आणि मासे एकत्र खाणे विरुद्ध आहारात मोडते. पुढे चिकित्सास्थानात किलासाची, म्हणजे पांढऱ्या डागांची, कारणे सांगताना विरुद्ध अन्नाचा उल्लेख येतो. मात्र त्याच ठिकाणी खोटे बोलणे, कृतघ्नपणा, देवांची निंदा आणि पूर्वजन्मीचे कर्म हीही कारणे दिलेली आहेत. ज्या काळी त्वचेच्या आत डोकावण्याचे साधन नव्हते, त्या काळी माणसांनी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींतून कारण शोधले, हे समजण्यासारखे आहे. पण त्यातले एकच कारण उचलून सहावीतल्या मुलीच्या ताटाला आणि तिच्या आईच्या मनाला लावणे योग्य नाही. जन्मात मासा न चाखलेल्या घरांतही कोड होतो. बंगालमध्ये दह्यात शिजवलेले मासे सणासुदीला खातात, युरोपात दुधात मासे शिजवण्याची रीत आहे. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होतो असे कोणत्याही वैद्यकीय अभ्यासात सिद्ध झालेले नाही.

उलट नुकसान मात्र खरे आहे. अकरा-बारा वर्षांची मुलगी झपाट्याने वाढते. जवळा, सुकट, बोंबील यांतून तिला प्रथिने आणि कॅल्शियम मिळते, दह्यातूनही मिळते. ते तोडून तिच्या डागांना काहीच फायदा नाही. घरी पूर्वी जे खात होतात ते तिला पुन्हा सुरू करा.

शरीर स्वतःचाच रंग का घालवते?

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात, वैद्यकात त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि आपल्या लांब शाखांमधून आजूबाजूच्या साधारण ३६ त्वचापेशींना पुरवतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत या रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणते मेलॅनिन तयार करतात यावर.

कोड झालेल्या जागी या रंगपेशी नष्ट झालेल्या असतात, आणि त्यांना नष्ट करते ती आपलीच प्रतिकारशक्ती. रक्तातल्या टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचे काम विषाणूची लागण झालेल्या किंवा बिघडलेल्या पेशी ओळखून मारणे. काही माणसांच्या रंगपेशी रासायनिक ताण सहन करायला थोड्या कमकुवत असतात. ताण पडला की त्या धोक्याचे संकेत बाहेर टाकतात, आणि टी पेशी त्या संकेतांवरून निरोगी रंगपेशींनाच शत्रू ठरवतात. मारताना टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात. त्याच्या प्रभावाने आसपासच्या त्वचापेशी आणखी टी पेशींना बोलावणारी रसायने तयार करतात, आणि डाग कडेकडेने पसरत जातो. या साखळीत जेएके नावाची प्रथिने मधला दुवा असतात. आजची नवी औषधे नेमका हाच दुवा अडवतात, त्याविषयी पुढे येतेच.

म्हणून कोड हा स्वयंप्रतिकार आजार आहे, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वतःच्याच अवयवाविरुद्ध केलेली चूक. थायरॉइडचे काही विकार, चाई पडणे आणि बालवयातला मधुमेह हेही याच घराण्यातले आजार आहेत. कोड असलेल्यांमध्ये थायरॉइडचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो, त्यामुळे मुलीची टीएसएच ही रक्तचाचणी एकदा करून घ्या. हा रक्त ‘खराब’ झाल्याचा आजार नाही, तो जंतूंचा नाही आणि स्पर्शाने, उष्ट्याने, टॉवेलने, पोहण्याच्या तलावातून लागत नाही.

जगात शंभरात अर्ध्यापासून दोन माणसांपर्यंत कोड आढळतो, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत तो विशीच्या आतच सुरू होतो. तुमच्या मुलीच्या वयात तो दिसणे दुर्मीळ नाही.

मग तिलाच का?

यात अनुवंशाचा वाटा आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण एका मोठ्या अभ्यासात २३ टक्के आढळले. दोघांची जनुके तीच असताना सुमारे तीन-चतुर्थांश वेळा दुसऱ्याला कोड होत नाही, म्हणजे जनुकांखेरीज आणखी काहीतरी लागते. त्यातले काही आपल्याला माहीत आहे आणि ते टाळता येते.

पहिली गोष्ट घासणे, खरचटणे, दाब. ज्यांना कोडाची प्रवृत्ती आहे त्यांच्या त्वचेला इजा झाली की त्याच जागी नवा डाग उमटू शकतो. याला कोब्नर परिणाम म्हणतात. गुडघे, कोपर, घोटे, बोटांचे सांधे या जागी डाग आधी येतात त्यामागे हे एक कारण आहे. सलवारीची किंवा परकराची करकचून बांधलेली नाडी, घट्ट इलॅस्टिक, घड्याळाचा पट्टा, पायाला चावणारी चप्पल, अंघोळीत दगडाने किंवा खरखरीत घासणीने अंग घासणे, हे सगळे टाळा. मुलगी खेळते, पडते, ते थांबवू नका. जमिनीवर गुडघे टेकून बसायची सवय असेल तर खाली चादर द्या आणि खेळताना लांब पँट घालू द्या, एवढे पुरे.

दुसरी गोष्ट काही रसायने. १९३९ साली अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग आले. शोध घेतल्यावर कारण निघाले त्यांच्या रबरी हातमोज्यांत वापरलेले हायड्रोक्विनोनच्या कुळातले एक रसायन. २०१३ साली जपानमध्ये त्वचा उजळ करणारी काही प्रसाधने कंपनीला बाजारातून परत घ्यावी लागली, कारण त्यातल्या रोडोडेंड्रॉल या घटकाने हजारो ग्राहकांच्या त्वचेचा रंग गेला. आपल्याकडे कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग येतो तो बहुधा टिकलीच्या चिकट द्रव्यातल्या पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉलमुळे. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली आणि केसांना लावण्याच्या काळ्या रंगाच्या जागीही असे डाग दिसतात. मरोळ एमआयडीसीच्या आसपास अनेक घरांतली माणसे रबर, गोंद, रंग, रसायने यांच्याशी काम करतात. कोड असलेल्या माणसाने कामावर कोणत्या रसायनाशी संबंध येतो हे डॉक्टरांना जरूर सांगावे. तुमच्या मुलीसाठी सल्ला सोपा : चिकट टिकली नको, रबरी पट्ट्याऐवजी कापडी किंवा चामडी पट्ट्याची चप्पल, आणि रंग उजळवणारी कोणतीही क्रीम घरात नको.

नक्की कोडच आहे का?

हे त्वचारोगतज्ज्ञ पाहूनच ठरवतात, आणि म्हणूनच ती भेट लांबवू नका. मुलांच्या गालावर येणारे फिकट, किंचित खवले असलेले चट्टे बऱ्याचदा कोरड्या त्वचेचे असतात. आपल्याकडे त्यांना जंताचे डाग समजून जंताचे औषध देतात, पण जंतांशी त्यांचा संबंध नसतो. मुंबईच्या दमट हवेत पाठीवर-छातीवर येणारी शिबं ही बुरशीची असतात आणि मलमाने जातात. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि त्या जागी स्पर्शाची जाणीव कमी होते. कोडात जाणीव शाबूत असते. कोड आणि कुष्ठरोग हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत, आणि कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प या दिव्याखाली डाग पाहतात. त्यात कोडाचा डाग निळसर पांढरा झळकतो आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे डागही कळतात.

तुमच्या मुलीचे डाग दोन्ही गुडघ्यांवर आहेत, म्हणजे शरीराच्या दोन्ही बाजूंना. हा कोडाचा नेहमीचा प्रकार. तो काही काळ पसरतो, थांबतो, पुन्हा डोके वर काढू शकतो. दुसरा प्रकार शरीराच्या एकाच बाजूला एखाद्या पट्ट्यात येतो, वर्ष-दोन वर्षांत पसरून बहुतेक वेळा तिथेच थांबतो. दोन्ही प्रकारांच्या उपचारांचा मार्ग थोडा वेगळा असतो.

बरा होतो का?

जी प्रवृत्ती आहे ती कायमची पुसून टाकणारे औषध आज नाही. पण डाग पसरणे थांबवता येते आणि अनेकांचा गेलेला रंग बऱ्याच प्रमाणात परत येतो. तो कसा परत येतो हे समजले तर धीर धरायला सोपे जाईल.

डागावरच्या रंगपेशी मेल्या, तरी केसांच्या मुळांशी रंगपेशींचा राखीव साठा शिल्लक असतो. कोकणात भाताचा तरवा एका कोपऱ्यात वाढवतात आणि तिथून साऱ्या खाचरात लावणी करतात, तसे उपचारांनी या साठ्यातल्या पेशी वर येऊन आजूबाजूला पसरतात. म्हणून डागात केसांभोवती आधी बारीक तपकिरी ठिपके दिसतात, मग ते एकमेकांना मिळतात. जिथे केस नाहीत, म्हणजे बोटांची टोके, ओठ, तळवे, तिथे रंग परतणे कठीण. डागावरचे केसही पांढरे झाले असतील तर तो साठाही संपत आलेला असतो. चेहरा आणि मान सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, त्यामुळे पापणीजवळच्या डागाबद्दल आशा ठेवायला चांगली जागा आहे. गुडघ्यांना वेळ लागेल.

वेळेचे महत्त्व इथेच आहे. नवा डाग जुन्यापेक्षा उपचाराला लवकर दाद देतो. डाग जुना होत गेला की त्या जागी टी पेशींच्या स्मरणपेशी मुक्काम ठोकतात आणि केसांच्या मुळांचा साठाही कमी होतो. दिवाळीपासून आजवरचे महिने मासे-दुधाचा दोष ठरवण्यात गेले. त्या समजुतीने होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

उपचार कोणते?

थोड्या डागांसाठी सुरुवात मलमांनी होते. अंगावर स्टेरॉइडचे मलम ठरावीक मुदतीपुरते देतात. पापणी आणि चेहऱ्याची त्वचा पातळ असते, तिथे टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम देतात. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे मलम आणून लावत राहू नका. त्याने त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, पापणीजवळ वापरल्यास डोळ्यालाही धोका संभवतो.

डाग झपाट्याने पसरत असतील तर काही महिने कमी मात्रेत पोटातून स्टेरॉइड देतात, आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस. ही पद्धत आपल्याच देशात, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी रूढ केली आणि तिचा आजही वापर होतो. वाढत्या वयाच्या मुलीला ती द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

अंगावर अनेक ठिकाणी डाग असतील तर ‘लाइट’ घ्यायला सांगतात. हे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे, अरुंद पट्ट्यातले अतिनील-बी किरण असतात. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, मध्ये किमान एक दिवस सोडून, काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत. हे किरण हल्ला करणाऱ्या टी पेशींना शांत करतात आणि राखीव रंगपेशींना जागे करतात. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांनाही ते देता येतात. पण तीन महिने झाल्याशिवाय फरकाचा अंदाज येत नाही आणि सहा महिने झाल्याशिवाय उपयोग नाही असे म्हणता येत नाही. बहुतेक जण नेमके दोन-अडीच महिन्यांत सोडून देतात. पहिल्या दिवशी डागांचे मोबाइलवर फोटो काढा, दर महिन्याला त्याच उजेडात पुन्हा काढा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हळू बदल दिसत नाही, फोटोत दिसतो.

अपेक्षा वास्तव असाव्यात म्हणून एक आकडा सांगतो. ब्रिटनमध्ये ५१७ रुग्णांवर झालेली हाय-लाइट ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. घरच्या घरी हातात धरायच्या किरणयंत्राबरोबर स्टेरॉइड मलम वापरणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांनी नऊ महिन्यांनी आपला डाग खूपच कमी जाणवतो किंवा जाणवतच नाही असे सांगितले. नुसत्या मलमाने हे प्रमाण १७ टक्के होते. म्हणजे उपचार कामाचे आहेत, जोडीने जास्त कामाचे आहेत, आणि सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत. रंग परतल्यावरही टॅक्रोलिमस आठवड्यातून दोनदा लावत राहिल्यास डाग पुन्हा येण्याचे प्रमाण खूप घटते, असे एका छोट्या फ्रेंच चाचणीत आढळले : सहा महिन्यांत सुमारे ४० टक्क्यांवरून साधारण १० टक्क्यांवर.

आता जेएकेचा दुवा अडवणारे औषध. रक्सोलिटिनिब या मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये १२ वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी मान्यता दिली. गेलेला रंग परत आणण्यासाठी तिथे मान्य झालेले हे पहिले औषध. चाचण्यांमध्ये २४ आठवड्यांनी साधारण ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचे डाग तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भरून आले. याच गटातल्या औषधांवर भारतातही त्वचारोगतज्ज्ञांचे लक्ष आहे. तुमच्या मुलीला त्याची गरज आहे का, हा प्रश्न पहिल्या उपचारांचा परिणाम पाहिल्यानंतरचा.

डाग किमान वर्षभर एकाच जागी स्थिर असेल आणि मलम-लाइटने भरत नसेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. निरोगी त्वचेतून बारीक तुकडे किंवा रंगपेशींचे द्रावण घेऊन डागावर लावतात. डाग पसरत असताना ही घाई करू नये, कारण जखमेच्या जागी नवा कोड येऊ शकतो.

बावचीचे तेल?

काकूंच्या सल्ल्यामागे एक खरी गोष्ट आहे, पण ती अर्धी आहे. बावचीच्या बियांत सोरॅलिन असते आणि सोरॅलिनमुळे त्वचा अतिनील किरणांना तीव्र प्रतिसाद देते. इजिप्तमध्ये एका रानटी वनस्पतीतून वेगळे काढलेले याच कुळातले द्रव्य कैरोच्या डॉ. अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात कोडावर वापरले, आणि पुढे त्यातूनच सोरॅलिन-किरणांचा आधुनिक उपचार आला. पण दवाखान्यात औषधाची मात्रा आणि किरणांची मात्रा दोन्ही मोजलेली असतात. घरी तेल चोळून उन्हात बसवले तर दोन्ही बेहिशेबी. परिणाम अनेकदा भाजल्याचे फोड, आणि त्या जखमेवर कोब्नर परिणामाने मोठा डाग. हे करू नका. डागांना ऊन लवकर भाजते, म्हणून उन्हात जाताना डागावर एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावा.

लोकलच्या डब्यांत, स्टेशनच्या भिंतींवर ‘पांढऱ्या डागांवर हमखास इलाज’ अशी पत्रके दिसतात. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कोडाचे नाव आहे. या आजारावर इलाजाची अशी जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. हमी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मरोळहून जायचे कुठे? अंधेरीला मेट्रोने उतरून रिक्षाने विलेपार्ले पश्चिमेचे पालिकेचे कूपर रुग्णालय गाठता येते. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही त्वचारोग विभाग आहेत. केसपेपर काढतानाच लाइटचे दिवस आणि वेळ विचारून घ्या, म्हणजे शाळेशी मेळ घालता येईल. घरातल्या कुणाचे ईएसआयसीचे कार्ड असेल तर त्या योजनेतूनही तज्ज्ञांकडे पाठवतात.

शाळा, आणि तिचे लग्न

अकरा-बारा वर्षांच्या मुलीसमोर तिच्या लग्नाची काळजी बोलून दाखवू नका. डागापेक्षा घरच्यांचे चेहरे मुलांना आधी वाचता येतात. तिला तीन छोटी वाक्ये शिकवा : ‘हा कोड आहे. तो लागत नाही. मला दुखत नाही.’ कुणी विचारले की एवढे सांगून पुढे खेळायला जायचे. वर्गशिक्षिकेला भेटून हेच सांगा, म्हणजे डबा वाटून खाताना कुणी तिला वेगळे बसवणार नाही. ती गप्प राहू लागली, शाळा टाळू लागली, तर तेही डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आधारासाठी चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

लग्नाच्या काळजीमागे अनुवंशाची भीती असते, ती आकड्यात सांगतो. आई किंवा वडिलांना कोड असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण विसात एक. म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्यांसाठी आधारगट चालवते, लोकांत माहिती पोहोचवते आणि कोड असलेल्यांसाठी वधूवर मेळावेही घेते. कोड असलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीची कथा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ च्या ‘नितळ’ या मराठी चित्रपटात मांडली, आणि देविका दफ्तरदार यांनी ती भूमिका केली. घरच्या सगळ्यांनी तो एकत्र पाहावा. मायकेल जॅक्सननेही आपल्याला कोड असल्याचे १९९३ साली मुलाखतीत सांगितले होते, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीतही ते नोंदले गेले. त्याच्या मृत्यूची तारीख, २५ जून, आज जागतिक कोड दिन म्हणून पाळली जाते.

ताई, या आठवड्यात दोन कामे करा. त्वचारोग विभागाचा केसपेपर काढा आणि टीएसएच तपासणीबद्दल विचारा. आणि हे वाचणाऱ्या शेजाऱ्यांना, नातेवाइकांना एक विनंती : कुणाच्या मुलाच्या अंगावर पांढरा डाग दिसला तर आईने काय खाऊ घातले हे विचारू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले का, एवढेच विचारा. कोड संसर्गजन्य नाही आणि त्यात कुणाचाही दोष नाही. लवकर सुरू केलेला आणि मध्येच न सोडलेला उपचारच त्यावर सर्वांत जास्त उपयोगी पडतो.